फिट थांबत नाही तेव्हा शिरेतून भराभर दिलेले औषध धोक्याचे असते का?

पत्र : माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे आणि साखर कारखान्यात नोकरीला आहे. त्याला शाळेत असल्यापासून फिट येतात. रोज सकाळ-संध्याकाळ लेव्हेटिरासिटामची ५०० मिलिग्रॅमची गोळी चालू आहे. गळीत हंगामात रात्रपाळी लागली आणि तीन-चार दिवस गोळ्या चुकल्या. एके दिवशी पहाटे त्याला फिट आली ती थांबेचना. तालुक्याच्या गावी रुग्णालयात पोहोचेपर्यंत अर्धा तास गेला, तोवर त्याला शुद्ध नव्हती आणि झटके चालूच होते. तिथे शिरेतून एक इंजेक्शन दिले, पाच मिनिटांनी पुन्हा तेच दिले आणि पाठोपाठ एक मोठे इंजेक्शन पाच-सात मिनिटांत संपवले. डिस्चार्ज कार्डावर ‘लोराझेपाम ४ मिग्रॅ, दोनदा’ आणि ‘लेव्हेटिरासिटाम ३ ग्रॅम’ असे लिहिले आहे. म्हणजे तीन दिवसांच्या गोळ्या पाच-सात मिनिटांत दिल्या! फिट थांबली, पण वरचा रक्तदाब ९० वर आला, ऑक्सिजन लावावा लागला आणि तो संध्याकाळपर्यंत झोपून होता. आता तो बरा आहे. पण औषधाच्या दुकानात काम करणारा माझा मावसभाऊ म्हणतो की फिटचे इंजेक्शन इतक्या भरभर देतच नाहीत, हृदय बंद पडू शकते. सहा वर्षांपूर्वी वडिलांना पक्षाघातानंतर फिट आली तेव्हा दुसऱ्या एका रुग्णालयात असेच इंजेक्शन दिले होते आणि त्यांचा हात मनगटाच्या वर सुजून जांभळा पडला होता. भावाच्या संमतिपत्रावर सही माझी आहे. पुन्हा तशी वेळ आली तर मी डॉक्टरांना ‘हळू द्या’ असे सांगू का?
— एक वाचक भगिनी, सोलापूर जिल्हा

उत्तर :

ताई, ‘हळू द्या’ असे कृपया सांगू नका. कार्डावरचा जो मजकूर तुम्ही पाठवला आहे, त्यावरून तुमच्या भावाला योग्य औषधे, योग्य क्रमाने आणि योग्य मात्रेत मिळाली असे मला दिसते. तुमच्या सहीमुळे त्याचे काहीही वाईट झालेले नाही, उलट उपचार अडले नाहीत. मात्र तुमच्या मावसभावाचे म्हणणेही निराधार नाही. ते एका वेगळ्या औषधाबद्दल खरे आहे, आणि तुमच्या वडिलांच्या हाताचे जे झाले त्याचा संबंधही बहुधा त्याच औषधाशी असावा. ‘फिटचे इंजेक्शन’ या एका नावाखाली चार-पाच अगदी निरनिराळी औषधे येतात आणि प्रत्येकाला सोसणारा वेग वेगळा असतो. तुमची सारी भीती या एका ठिकाणी अडकलेली आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

आधी हे पाहू की डॉक्टर एवढी घाई का करतात. हातपाय झटकणारी, शुद्ध हरपवणारी फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि तेवढ्यासाठी शिरेतून कसलेही औषध द्यावे लागत नाही. पण तीच फिट ५ मिनिटे ओलांडून गेली, किंवा मधे शुद्धीवर न येता एकामागून एक फिट येत राहिल्या, की ती आपोआप थांबण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. या अवस्थेला स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात. अपस्मारावर, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजारावर, काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये तिची व्याख्या करताना दोन वेळा ठरवून दिल्या : ५ मिनिटांनंतर उपचार सुरू झालेच पाहिजेत आणि ३० मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका धरून चालावे. तुमचा भाऊ रुग्णालयाच्या दारात पोहोचला तेव्हा ही दुसरी वेळ उलटत आली होती. त्या क्षणी डॉक्टरांच्या हातात ‘थोडे देऊन बघू, मग ठरवू’ एवढी सवड उरलेली नव्हती.

उशिराचा आणखी एक परिणाम असा की औषधच बोथट होत जाते. मेंदूतील पेशींना शांत करणारे जे रासायनिक द्रव्य असते, त्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरच्या जागा फिट लांबत जाईल तशा आत ओढल्या जातात. लोराझेपाम, डायझेपाम, मिडाझोलाम ही पहिल्या फळीची औषधे नेमकी त्याच जागांवर काम करतात. त्यामुळे पाचव्या मिनिटाला जी मात्रा पुरली असती, तीच तिसाव्या मिनिटाला अपुरी पडू शकते. तुमच्या भावाला पहिल्या ४ मिलिग्रॅमने गुण आला नाही आणि दुसरी मात्रा द्यावी लागली, त्यामागे हे कारण असणे अगदी शक्य आहे.

आता त्या पहिल्या दोन इंजेक्शनांविषयी. लोराझेपामची मात्रा वजनाच्या दर किलोला ०.१ मिलिग्रॅम, पण एका वेळी जास्तीत जास्त ४ मिलिग्रॅम, आणि गरज पडल्यास ती एकदा पुन्हा, असे सर्वमान्य मार्गदर्शन आहे. ते मिनिटाला २ मिलिग्रॅमपेक्षा अधिक वेगाने देत नाहीत, म्हणजे ४ मिलिग्रॅम दोन मिनिटांत जाते. पाहणाऱ्या नातेवाइकाला हे ‘भरभर’च वाटणार, पण औषधाच्या दृष्टीने तो ठरलेला वेग आहे. या औषधांची खरी भीती श्वास मंदावण्याची असते आणि ती भीती डॉक्टरांनाही असते. याच भीतीपोटी अनेक ठिकाणी निम्मी मात्रा दिली जाते, मग थोड्या वेळाने पुन्हा पाव मात्रा, आणि फिट चालूच राहते. मला हा प्रकार जास्त घातक वाटतो, आणि त्याला आधार आहे.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात रुग्णवाहिकेतच फिटवर औषध द्यावे की नाही याची एक नीट आखलेली चाचणी झाली होती. तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. काही रुग्णांना लोराझेपाम, काहींना डायझेपाम आणि काहींना औषध नसलेले इंजेक्शन दिले गेले. रुग्णालयात पोहोचेपर्यंत लोराझेपाम मिळालेल्यांपैकी ५९ टक्क्यांची फिट थांबली होती, डायझेपामच्या गटात ४३ टक्क्यांची आणि औषध न मिळालेल्यांत अवघ्या २१ टक्क्यांची. पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या चाचणीतल्या दुसऱ्या आकड्यांत आहे. श्वासाचे किंवा रक्ताभिसरणाचे गंभीर त्रास औषध मिळालेल्या दोन्ही गटांत साधारण १०-११ टक्के रुग्णांना झाले, तर औषध न मिळालेल्या गटात ते प्रमाण २२ टक्क्यांच्या वर गेले. श्वास बंद पाडण्यात औषधापेक्षा न थांबलेल्या फिटचा हात मोठा असतो, हे त्यातून स्पष्ट झाले. गेली वीस-पंचवीस वर्षे आम्ही मंडळी याच आधारावर पहिली मात्रा पूर्ण देण्याचा आग्रह धरतो.

तिसरे इंजेक्शन लेव्हेटिरासिटामचे होते. ‘तीन दिवसांच्या गोळ्या पाच-सात मिनिटांत’ हा तुमचा हिशेब बरोबर आहे आणि तो पाहून कोणालाही धसका बसेल. पण रोजची गोळी रक्तातली औषधाची पातळी टिकवून ठेवण्यासाठी असते. तीन-चार दिवस गोळ्या चुकल्यामुळे तुमच्या भावाच्या शरीरात ती पातळी जवळजवळ शून्यावर आली असणार, आणि आता ती काही मिनिटांत वर न्यायची होती. त्यासाठी जी भरणा-मात्रा देतात ती किलोमागे ४० ते ६० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ४,५०० मिलिग्रॅम असते. ३१ वर्षांच्या पुरुषाचे वजन ६० किलोच्या आसपास धरले तर ३ ग्रॅम म्हणजे किलोमागे ५० मिलिग्रॅम होते. मात्रा मोठी आहे, पण मर्यादेतली आहे.

वेगाच्या बाबतीत हे औषध या सगळ्यांत सोशिक आहे. ते रक्तातल्या प्रथिनांना फारसे चिकटत नाही, यकृतावर त्याचा भार जवळपास पडत नाही, मुख्यतः मूत्रपिंडांतून ते बाहेर जाते, आणि हृदयाच्या ठोक्यांवर किंवा श्वासावर त्याचा थेट दाब येत नाही. २०१९ मध्ये लहान मुलांवरच्या दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या, एक ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधली आणि दुसरी ब्रिटनमधली. दोन्हींत मुलांना किलोमागे ४० मिलिग्रॅम लेव्हेटिरासिटाम ५ मिनिटांत दिले होते, तर फेनिटॉइन या फिटच्या जुन्या औषधाला किमान २० मिनिटे घेतली होती. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका चाचणीत, पहिल्या फळीच्या औषधांना दाद न दिलेल्या ३८४ रुग्णांमध्ये लेव्हेटिरासिटाम, फॉस्फेनिटॉइन आणि व्हॅल्प्रोएट यांची तुलना झाली. तिन्ही औषधे १० मिनिटांत दिली गेली. जीवावर बेतेल इतका रक्तदाब उतरण्याचे प्रमाण लेव्हेटिरासिटामच्या गटात १ टक्क्याहून कमी होते आणि फॉस्फेनिटॉइनच्या गटात ३ टक्क्यांच्या थोडे वर. मावसभावाच्या दुकानातल्या माहितीपत्रकावर हे औषध पातळ करून १५ मिनिटांत द्यावे असे छापलेले त्याला सापडेल. ते चुकीचे नाही, पण चालू फिट थांबवण्यासाठी त्याहून कमी वेळात देण्याचा अनुभव आता जगभर भरपूर जमा झाला आहे.

अमेरिकेतल्या त्या ३८४ रुग्णांच्या चाचणीची दुसरी बाजूही सांगणे माझे कर्तव्य आहे. फिट थांबवण्यात तिन्ही औषधे सारखीच निघाली, आणि प्रत्येकाचे यश ४५ ते ४७ टक्क्यांच्या घरात होते. म्हणजे पहिल्या फळीचे औषध हरल्यानंतर निम्म्याहून अधिक रुग्णांना पुढच्या उपचारांची, कधी भूल देऊन व्हेंटिलेटरवर ठेवण्याची गरज पडते. तुमचा भाऊ त्या टप्प्यापर्यंत गेला नाही, ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे. लेव्हेटिरासिटाम अगदी निरुपद्रवी आहे असेही समजू नका. सुस्ती येते, काही जण पुढचे काही दिवस चिडचिडे किंवा उदास होतात, आणि मूत्रपिंडे कमजोर असतील तर पुढच्या मात्रा कमी कराव्या लागतात. भावाच्या स्वभावात तसा फरक जाणवत असेल तर तो ‘आजारपणामुळे असेल’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना सांगा.

आता फेनिटॉइनकडे येतो, कारण तुमच्या घरातली खरी दुखरी आठवण तिथे आहे. हे औषध जुने, स्वस्त आणि जवळजवळ प्रत्येक रुग्णालयात मिळणारे आहे. पण ते पाण्यात सहज विरघळत नाही. म्हणून त्याचे इंजेक्शन प्रॉपिलीन ग्लायकॉल व अल्कोहोल यांच्या मिश्रणात बनवतात आणि ते तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा सामू १२ च्या आसपास असतो. ते वेगाने शिरेत गेले तर रक्तदाब कोसळू शकतो आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून मोठ्या माणसाला ते मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेगाने देऊ नये असा कडक नियम आहे. ६० किलोच्या माणसाला किलोमागे २० मिलिग्रॅमप्रमाणे १,२०० मिलिग्रॅम द्यायचे झाले तर किमान २४ मिनिटे लागतात, वृद्ध किंवा हृदयविकार असलेल्या रुग्णात त्याहूनही जास्त. ते फक्त साध्या सलाइनमधून देतात. ग्लुकोजच्या बाटलीत मिसळले की त्याचे स्फटिक तयार होतात. देताना ईसीजी मॉनिटर लावलेला असावा लागतो. तुमचा मावसभाऊ जे म्हणतो ते या औषधाबाबत शब्दशः खरे आहे.

वडिलांचा हात पाहिल्याशिवाय आणि त्यांचे कागद वाचल्याशिवाय मी निदान करणार नाही, पण तुम्ही केलेले वर्णन फेनिटॉइनच्या एका ओळखीच्या दुष्परिणामाशी जुळते. हाताच्या पाठीवरच्या बारीक शिरेतून हे औषध दिले की काही तासांत सुईच्या जागेभोवती त्वचा जांभळी-निळी होते, सूज बोटांकडे आणि वर कोपराकडे पसरते आणि हात दुखतो. वयस्क रुग्णांत आणि एकाहून अधिक मात्रा मिळालेल्यांत ते जास्त दिसते. बहुतेकांचे ते दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरते, क्वचित प्रसंगी त्वचेला कायमची इजा होते. मोठी शीर निवडणे, औषधाच्या आधी व नंतर सलाइन सोडणे आणि जळजळ सुरू होताच थांबणे, एवढ्या काळजीने हा धोका पुष्कळ कमी होतो. फॉस्फेनिटॉइन हे त्याचेच पाण्यात विरघळणारे रूप आहे. ते तिप्पट वेगाने, म्हणजे मिनिटाला १५० मिलिग्रॅमपर्यंत देता येते आणि शिरेला फारसे जाळत नाही, पण हृदय व रक्तदाबाची काळजी त्यालाही लागतेच. वडिलांचे त्या वेळचे कागद शोधा आणि त्यात औषधाचे नाव काय आहे ते पाहा. फेनिटॉइन असेल तर त्यांच्या फाइलवर तसे ठळक लिहून ठेवा. पण त्या औषधाचा भावाच्या लेव्हेटिरासिटामशी काही संबंध लावू नका.

भावाचा रक्तदाब ९० वर येणे, ऑक्सिजन लागणे आणि संध्याकाळपर्यंतची झोप, या तिन्हींचा उलगडा लांबलेली फिट आणि ८ मिलिग्रॅम लोराझेपाम यांच्या बेरजेतून होतो. अर्धा तास स्नायू झटकत राहिल्यावर शरीर थकून जाते, रक्तात आम्ल साठते आणि मेंदूही काही तास मंद राहतो. हे परिणाम वेळीच लक्षात आले आणि त्यावर लगेच उपाय झाला, याचा अर्थ तिथे कोणीतरी मॉनिटरवर नजर ठेवून होते. शिरेतून वेगाने औषध देणे सुरक्षित ठरते ते या अटीवरच. शेजारी ऑक्सिजन, तोंडातली लाळ ओढून घेणारे सक्शन यंत्र, श्वासाची पिशवी आणि ती वापरू शकणारी माणसे हवीत. ती नसतील तिथे मलाही भीती वाटेल. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. झटके थांबले तरी रुग्ण हळूहळू जागा होण्याऐवजी तसाच निपचित राहिला, डोळे एका बाजूला खेचलेले असले किंवा ओठ-पापण्या बारीक थरथरत असल्या, तर मेंदूच्या आत फिट चालू असू शकते. ते ईईजी, म्हणजे मेंदूचा विद्युत आलेख, काढल्याशिवाय कळत नाही. अशा वेळी ‘औषधाची झोप आहे’ या उत्तरावर थांबू नका, ईईजीविषयी विचारा.

तेव्हा पुन्हा वेळ आलीच तर कॅज्युअल्टीत विचारायचा प्रश्न असा : ‘कोणते औषध देत आहात?’ उत्तर फेनिटॉइन असेल तर मॉनिटर लावला आहे का, हेही विचारा. रक्तातली साखर तपासली का, हा प्रश्नही तुम्ही निःसंकोच विचारू शकता. साखर फार उतरल्याने आलेली फिट फिटच्या औषधांनी थांबत नाही. आणि शीर सापडत नसेल तर दंडात किंवा मांडीत मिडाझोलाम देता येते, हे माहीत असू द्या. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मांडीच्या स्नायूत दिलेल्या मिडाझोलामने ७३ टक्के रुग्णांची फिट रुग्णालयात पोहोचण्याआधी थांबली, शिरेतून लोराझेपाम दिलेल्यांत ६३ टक्क्यांची. श्वासनलिकेत नळी घालावी लागण्याचे प्रमाण दोन्हींत सारखेच, सुमारे १४ टक्के होते. शिरेतले औषध आत गेल्यावर लवकर काम करते, पण झटके देणाऱ्या हातात शीर शोधण्यात ती सगळी मिनिटे निघून जातात.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत खुपलेली गोष्ट रुग्णालयात घडलेली नाही. ती घरापासून तालुक्यापर्यंतच्या अर्ध्या तासात आहे, आणि तिच्यावर उपाय तुमच्या हातात आहे. नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतो. पुढच्या भेटीत भावाच्या डॉक्टरांकडून तो लिहून घ्या. वजनाप्रमाणे एकूण किती फवारे आणि प्रत्येक नाकपुडीत किती, हे त्यांच्याकडून त्या खोक्यावरच मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, कारण मोठ्या माणसाला एक-दोन फवाऱ्यांनी भागत नाही आणि घाबरलेल्या माणसाला त्या वेळी काही आठवत नाही. फिट सुरू होताच आधी घड्याळ पाहा. त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हात-पाय दाबून धरू नका. कांदा, चप्पल, किल्ल्या यांत वेळ घालवू नका. ५ मिनिटे झाली की फवारा द्या आणि १०८ ला फोन करा. महाराष्ट्रातल्या या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो, आणि ‘फिट पाच मिनिटांहून जास्त वेळ चालू आहे’ एवढे वाक्य फोनवर सांगितले तरी पुरते.

एका कागदावर भावाचे वजन, रोजचे औषध व त्याची मात्रा, कोणत्या औषधाने पूर्वी अंगावर पुरळ उठले असल्यास त्याचे नाव, आणि या वेळी कोणत्या इंजेक्शनने फिट थांबली ते लिहून त्याच्या पाकिटात ठेवा, मोबाइलमध्ये त्याचा फोटोही ठेवा. पुढच्या डॉक्टरांची चार-पाच मिनिटे त्याने वाचतील.

राहता राहिली रात्रपाळी. चुकलेल्या गोळ्या आणि मोडलेली झोप ही अपस्मार असलेल्या माणसाला फिट येण्याची दोन नेहमीची कारणे आहेत, आणि तुमच्या भावाच्या बाबतीत ती एकत्र आली. हंगाम संपेपर्यंत दिवसपाळी मिळावी यासाठी डॉक्टरांचे पत्र घेऊन त्याने कारखान्यातल्या वरिष्ठांशी बोलावे. ते जमत नसेल तर दिवसातून एकदाच घ्यायची, सावकाश विरघळणारी लेव्हेटिरासिटामची गोळी त्याला चालेल का हे डॉक्टरांना विचारावे, आणि किमान आठवडाभराच्या गोळ्या त्याने कामाच्या जागी स्वतःच्या कपाटात वेगळ्या ठेवाव्यात.